दोघांची राहुटी

सह्याद्रींत हिंडावयास निघालेल्या दोन मित्रांनीं बरोबर कोणता तंबू न्यावा, हा प्रश्न दुकानदाराचा आहे, इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे, असें कोणी म्हटल्यास सकृद्दर्शनीं त्यांत वावगें कांहीं वाटणार नाहीं. दुकानदारापाशीं मापें असतात, वजनें असतात आणि किंमती तर असतातच. इतिहासापाशीं सनावळीवांचून दुसरें कांहीं नसतें, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु ज्या प्रांतांत लष्करें वर्षांतून आठ-आठ महिने घराबाहेर राहिलीं, ज्या प्रांतांत दोन लहान तंबूंवर एका छत्रपतीची मोहीम चालली आणि तंबूंच्या ओझ्यापायीं एका बादशहाची फौज चिखलांत रुतून बसली, त्या प्रांतांत तंबूची निवड हा इतिहासाचा विषय ठरूं नये, हेंच नवल म्हणावें लागेल.

लिहावयास निमित्त तळेघराचें आहे. घोडेगांवाहून डिंभ्याच्या धरणाच्या बाजूनें पश्चिमेस चढत जाणारा रस्ता या गांवावरून भीमाशंकराकडे जातो. आषाढ-श्रावणांत याच रस्त्यानें पुण्यामुंबईचे तरुण दोघे-दोघे, दुचाकीच्या मागें तंबूचें गाठोडें करकचून बांधून, ढगांत शिरतांना दिसतात. आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीहि त्यांत असतात. आणि इतिहासाच्या तासानंतर, पाठ्यपुस्तकाबाहेरचें म्हणून, 'सर, दोघांना पुरेल असा तंबू कोणता घ्यावा?' असें ते विचारतात. त्यांना तेवढ्यापुरतें कांहीं सांगून वाटेस लावतां येतें. पण खरें उत्तर द्यावयाचें तर आधीं एक गोष्ट सांगावी लागते. ती ही कीं, आपल्या पूर्वजांनीं तंबू पुष्कळ वापरला, पण पावसाळ्यासाठीं कधीं वापरला नाहीं. आज आपण त्याजकडून नेमकें तेंच मागत आहों.

प्रथम शब्द पाहूं. तंबूचा संसार दाखविणारे शब्द आपल्या भाषेंत थोडे नाहींत, आणि त्यांतील बहुतेक लष्कराच्या पाठीवर बसून आले आहेत. दोन आखूड काठ्या, त्यांवरून दोहों अंगांस उतरतें टाकलेलें कापड आणि बाजूंस भिंतींचा पत्ता नाहीं, असा जो गरिबाचा निवारा तो पाल. त्याहून थोडी बरी ती राहुटी. तिला निमुळतें छप्पर असतें, पण वळचण नसते, आणि वर दुसरें कापडहि नसतें. डेरा हा मातबराचा. त्याच्या सभोंवार कनाती लागतात. मध्यें खांब नसलेला तो बेचोबा, कारण चोब म्हणजे काठी. शामियाना म्हणजे नुसतें छत, चार लोकांस सावलींत बसविण्याकरितां. मेखा, मोगरी, तणावे हीं त्याचीं हत्यारें. आणि हीं हत्यारें चालविणारा तो फरास. पेशव्यांच्या अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता आणि त्यांत तंबू, कनाती, जाजमें यांचा सरंजाम ठेवला जाई. पुण्यांत आज फरासखाना म्हटलें कीं लोकांस पोलिसचौकी आठवते, तंबू आठवत नाहीं. ज्या खात्यावर स्वारीची रात्रीची झोंप अवलंबून होती, त्याचें नांव आज लोकांची झोंप उडविणाऱ्या खात्यास मिळालें आहे. शब्दांचेंहि नशीब असतें.

या शब्दांतील भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नव्हे. पालापासून डेऱ्यापर्यंतची उतरंड ही वजनाची उतरंड आहे, आणि वजन म्हणजे वेळ. पाल एका तट्टावर दहा वस्तूंखालीं दडून जातो. डेऱ्यास उंट लागतो, उंटास चारा, चाऱ्यास आणखी जनावर, आणि जनावरास माणूस. या हिशेबास शेवट नाहीं.

मोंगलांनीं हा हिशेब मनांतच आणला नाहीं. अबुल फझलानें 'आईने अकबरी'त अकबराच्या मुक्कामाचें वर्णन दिलें आहे. त्यावरून एका मुक्कामाचा सरंजाम हलविण्यास शंभर हत्ती, पांचशें उंट, चारशें गाडे आणि शंभर हमाल लागत, व तो उभारण्याच्या कामीं एक हजार फरास असत. भिस्ती, सुतार, मशालजी आणि झाडूवाले हे निराळे. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब काश्मीरकडे निघाला तेव्हां बर्निये हा फ्रेंच वैद्य त्या स्वारीबरोबर होता. बादशहाच्या तंबूंचे पुरे दोन संच असून एक संच उभा असतांना दुसरा पुढच्या मुक्कामास जात असे, हें पाहून तो थक्क झाला. या आगाऊ जाणाऱ्या संचास पेशखाना म्हणत. बादशहानें सकाळीं एका घरांतून निघावें आणि सायंकाळीं तशाच दुसऱ्या घरांत शिरावें, वाटेंत प्रवास झाल्याची खूण राहूं नये, अशी ती योजना होती. पुढें १६९५ सालीं जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकांठीं गलगल्याच्या छावणींत आला. त्यानें केवळ बादशहाच्या व शहाजाद्यांच्या तंबूंचा घेर तीन मैलांचा सांगितला आहे. प्रवासी लोकांच्या आकड्यांतून थोडी सूट घ्यावी हें खरें. पण सूट घेऊनहि जें उरतें तें एक शहरच आहे. चालतें शहर, आणि म्हणून फार सावकाश चालणारें.

याच्या उलट बाजूस एक लहानसें टिपण आहे, आणि आमच्या मतें तें शिवकालाच्या परकीय साधनांतील अत्यंत मोलाच्या टिपणांपैकीं आहे. १६७७ सालीं शिवाजीमहाराज कर्नाटकाच्या स्वारीवर होते. पुदुचेरीच्या फ्रेंच वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तें यानें जेर्में नांवाच्या आपल्या माणसास महाराजांच्या छावणींत वकील म्हणून पाठविलें. त्यानें परत येऊन जें सांगितलें तें मार्तेंनें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. छावणींत डामडौल नव्हता, बायका नव्हत्या, सामानाचें लटांबर नव्हतें. तंबू म्हणावे असे दोनच, तेहि साध्या जाड्याभरड्या कापडाचे आणि फार लहान. एक खुद्द महाराजांचा आणि दुसरा त्यांच्या मुख्य प्रधानाचा.

या टिपणावर वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी विनंति आहे. या वेळीं राज्याभिषेक होऊन तीन वर्षें लोटलीं होतीं. सिंहासन होतें, छत्र होतें, अष्टप्रधान होते. रायगडावर राजास शोभेल असें सर्व कांहीं होतें. दरिद्रतेमुळें तंबू लहान होता असें म्हणावयास जागा नाहीं. तो लहान होता, कारण तसा निवडला होता. ज्या राजास आपल्या सिंहासनाचें ऐश्वर्य कळत होतें, त्यासच हेंहि कळत होतें कीं, तें ऐश्वर्य घाटाखालीं उतरवावयाचें नसतें. सभासदानें लष्कराचे जे नियम सांगितले आहेत, त्यांतहि हेंच सूत्र दिसतें. दसऱ्यास फौज बाहेर पडावयाची, आठ महिने मुलूखगिरी करावयाची, बरोबर बायका-बटकी-कलावंतिणी न्यावयाच्या नाहींत, आणि पावसाळ्याचे चार महिने आपल्या मुलुखांत छावणीस परत यावयाचें. छावणी म्हणजे तंबू नव्हे. गवतानें शाकारलेलीं घरें, दाणा, वैरण आणि औषध यांची आगाऊ बेगमी केलेली जागा, हा त्या शब्दाचा त्या काळचा अर्थ. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या बाजूस छावणी करून असलेल्या लष्करास महाराजांनीं लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळाभर पुरवावयाची सामुग्री आधींच उधळूं नका, रयतेच्या भाजीच्या देठासहि हात लावूं नका, रात्रीं दिवा ठेवूं नका, उंदरानें वात नेली तर गवताची छपरें पेटतील, हा त्यांतील काळजीचा सूर आहे. पावसाळ्यांत कापडाखालीं निजण्याचा विचारहि त्या पत्रांत कोठें डोकावत नाहीं. सारी चिंता गवताच्या छपराची आहे.

जुन्नर प्रांतास हा नियम लष्करापेक्षां कितीतरी आधींपासून ठाऊक होता. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा लेख आहे. त्या वाटेनें व्यापाऱ्यांचे तांडे चढत-उतरत. जुन्नरच्या सभोंवारच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं खोदलेलीं आहेत. त्यांतील कित्येक खोल्या इतक्या लहान आहेत कीं, एका-दोघांनीं आडवें व्हावें आणि जागा संपावी. निजावयास दगडी ओटा, दाराशीं चौकट बसविण्याच्या खांचा, एवढाच थाट. बौद्ध भिक्षूंनीं पावसाळ्यांत हिंडावयाचें नाहीं, एका जागीं वर्षावास करावयाचा, हा त्यांच्या धर्माचा दंडक. आठ महिने झाडाखालीं राहूं शकणाऱ्या माणसानें चार महिन्यांकरितां मात्र दगड पोखरून घर केलें, हें सह्याद्रीच्या पावसास दिलेलें दोन हजार वर्षांपूर्वींचें प्रशस्तिपत्रच आहे. पुढें चातुर्मास पाळणाऱ्या संन्याशांनीं आणि जैन साधूंनीं वेगळें कांहीं केलें नाहीं. आणि शिवाजीमहाराजांचा दसऱ्याचा नियम हाहि त्याच ऋतुचक्राचा लष्करी अवतार होय.

हा दंडक मोडणाऱ्याचें काय होतें, तें औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत दिसून आलें. १७०० च्या ऑक्टोबरच्या आरंभीं त्याची छावणी माण नदीच्या कांठीं खवासपुरास होती. वर कोठें तरी पाऊस झाला आणि मध्यरात्रीं नदी तंबूंत शिरली. माणसें गेलीं, जनावरें गेलीं. गडबडींत बादशहा घसरून पडला व त्याचा पाय कायमचा अधू झाला. दोन वर्षांनीं, १७०२ च्या जूनमध्यें, खेळणा म्हणजे विशाळगड त्याच्या हातीं आला आणि ऐन पावसांत परतीचा प्रवास सुरू झाला. पन्हाळ्यापर्यंतची वाट अवघी तीस मैलांची. ती तोडावयास या फौजेस अडतीस दिवस लागले, असें जदुनाथ सरकारांनीं नमूद केलें आहे. दिवसास एक मैलहि पडला नाहीं! भिजलेला डेरा कोरड्या डेऱ्याच्या कितीतरी पट जड होतो; तो वाहणारा उंट वाळवंटाचा प्राणी, त्याचा पाय सह्याद्रीच्या चिखलांत घसरला कीं तो उठत नाहीं. जी फौज मराठ्यांच्या तलवारीस वर्षानुवर्षें पुरून उरली, तिला ओल्या कापडानें आणि फुगलेल्या ओढ्यांनीं हैराण केलें. पुढल्या वर्षींचा पावसाळा त्यानें पुण्यास काढला आणि १७०४ चा खेडास. हें खेड म्हणजे आजचें राजगुरुनगर. तेथून वाड्यावरून एक रस्ता वर तळेघराकडे येतो. दोन पावसाळे या पट्ट्याच्या उंबरठ्यावर काढूनहि बादशहानें पश्चिमेकडच्या या डोंगरांत छावणी नेली नाहीं, हें त्याला उशिरां आलेलें शहाणपण म्हणावें.

मोठ्या तंबूचा आणखी एक दोष म्हणजे तो लांबून दिसतो. १६८९ सालीं संताजी घोरपड्यांच्या माणसांनीं भीमेकांठच्या बादशाही छावणीवर रात्रीं छापा घालून खुद्द बादशहाच्या डेऱ्याचे तणावे कापले आणि त्यावरचे सोन्याचे कळस नेले, अशी कथा बखरकार मोठ्या रंगानें सांगतात. कळस नसता तर अंधारांत डेरा ओळखला कसा असता?

आपल्या लोकांनीं हा धडा कायमचा ध्यानांत ठेवला असें मात्र म्हणतां येत नाहीं. १७६० सालीं उत्तरेस निघालेल्या भाऊसाहेबांच्या छावणीचें वर्णन करतांना ग्रँट डफनें उंच प्रशस्त डेरे, आंतून रेशमी व बनाती अस्तर आणि दूरवरून चमकणारे सोनेरी कळस यांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. ग्रँट डफच्या लेखणीस मराठ्यांविषयीं फारसें ममत्व नव्हतें हें ध्यानीं घेऊनहि, जड सामान मागें ठेवून सडें व्हावें असा सल्ला सुरजमल जाटानें भाऊंस दिला होता, ही गोष्ट उरतेच. पानिपताचीं कारणें पुष्कळ आहेत; तंबू हें त्यांतील एक लहान कारण. पण १६७७ च्या दोन जाड्याभरड्या तंबूंपासून १७६० च्या रेशमी अस्तरापर्यंत आपण ज्या वाटेनें गेलों, ती वाट या एका वस्तूंत जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसऱ्या कशांत क्वचितच दिसेल. त्याच काळांत जे खरोखर सडे राहिले ते पेंढारी. त्यांच्यापाशीं तंबू नव्हते, ओझेंहि नव्हतें, असें माल्कमनें लिहिलें आहे. त्यांचें अनुकरण करावें असें अर्थात् कोणी म्हणणार नाहीं.

इंग्रजांनीं या देशांत राहुटीस आणि पालास नवा संसार दिला. कॅप्टन मंडी या अधिकाऱ्यानें १८२७ च्या सुमाराच्या आपल्या प्रवासाचा सरंजाम नोंदवून ठेवला आहे: दोन खांबांचा एक तंबू, एक राहुटी, नोकरांसाठीं एक पाल, दोन हत्ती, सहा उंट, चार घोडे, एक तट्टू, एक बग्गी आणि चोवीस नोकर. यावर त्याची पुस्ती अशी कीं, आपण एकटा जीव आणि अत्यंत काटकसरीनें प्रवास करणारा! जिल्ह्याच्या साहेबाचा दौराहि पुढें याच वळणावर गेला. या दौऱ्याचा ऋतु कोणता? दिवाळीनंतरचा. पावसाचा पहिला शिडकावा झाला कीं साहेब बंगल्यांत. साहेबाच्या तंबूस छपरावर छप्पर असें दुहेरी कापड असे. पण तें मुख्यतः उन्हासाठीं. दोन कापडांच्या मध्यें वारा खेळला म्हणजे आंतील माणूस भाजत नाहीं, हा अनुभव होता. हीच युक्ति पुढें पाण्याकरितां उपयोगीं पडणार होती.

दोन माणसांनीं स्वतः पाठीवर वाहून न्यावा असा तंबू मात्र आपल्याकडे जन्मास आला नाहीं. तो आला युरोपांत, आणि तोहि आल्प्सच्या गिर्यारोहकांच्या गरजेंतून. एडवर्ड व्हिंपर यानें १८६०-७० च्या दशकांत आपला तंबू बनविला. त्याचें वजन सुमारें तेवीस पौंड असे आणि त्यांत चार माणसें निजत. त्याची खरी कल्पकता अशी कीं, मेणकापडाची जमीन त्यानें भिंतींस शिवून टाकली. आजवरच्या तंबूंस छप्पर होतें, भिंती होत्या, पण जमीन पृथ्वीचीच होती. ओल खालूनहि येते हें ओळखून तिचा बंदोबस्त करणें ही लहान गोष्ट नव्हे. नंतर ममरी यानें काठ्याहि काढून टाकल्या. बर्फांत वापरावयाची कुऱ्हाड तीच काठी, आणि कापड रेशमी. हा ममरी १८९५ सालीं नंगा पर्वतावर नाहींसा झाला. सायकलीवरून भ्रमण करणाऱ्यांचा गुरु होल्डिंग हा तर लंडनचा शिंपी! त्यानें १९०१ सालीं सायकलस्वार भटक्यांचा संघ काढला आणि १९०८ सालीं त्यांच्याकरितां एक पुस्तकहि लिहिलें. शिंप्यानें तंबूकडे पाहिलें तें अंगरख्याकडे पाहावें तसें. अंगास बेतशीर बसावा, जास्तीचें कापड नको, शिवण पक्की हवी. दोघांच्या तंबूचा विचार करतांना सरदाराची दृष्टि टाकून शिंप्याची घ्यावी, एवढी गोष्ट जरी त्यापासून घेतली तरी पुष्कळ झालें. १९५३ च्या मे महिन्यांत हिलरी आणि तेनसिंग यांनीं सुमारें २७,९०० फुटांवर जी रात्र काढली, तीहि दोघांच्याच लहानशा तंबूंत. पुढें नायलॉनचें कापड आणि वांकविलेल्या हलक्या धातूच्या काठ्या आल्या, व पांचशें उंटांचें काम दोन-अडीच किलोंच्या गाठोड्यावर आलें.

आतां तळेघराकडे वळूं. घोडेगांवच्या मानानें येथला पाऊस कितीतरी पट अधिक, आणि भीमाशंकराकडे जावें तसा वाढतच जाणारा. तो वरून पडतोच. शिवाय वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि धुकें होऊन कोठूनहि येतो. येथल्या शेतकऱ्यानें यासाठीं कापडावर कधीं विश्वास ठेवला नाहीं. भाताच्या लावणीस त्यानें इरलें घेतलें. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यांत दाबून बसविलेलीं पानें, आणि तें डोक्यावरून पाठीवर उतरणारें. वांकून काम करणाऱ्या माणसाचें तें एकट्याचें छप्परच होय. त्याचा घाट पाहावा: पाठीकडे लांब, पुढें उघडें, पाणी दूर टाकणारें, आंत हवा खेळती ठेवणारें. उत्तम पावसाळी तंबूचीं लक्षणें विचारलीं तर याहून वेगळीं सांगतां येणार नाहींत.

म्हणून पहिली कसोटी कापडाच्या जातीची नव्हे, रचनेची. एकेरी कापडाची राहुटी स्वस्त मिळते, आणि दुकानांत ती टुमदारहि दिसते. परंतु दोन माणसांच्या श्वासांतून रात्रभरांत पेला-दोन पेले पाणी बाहेर पडतें. दमट हवेंत तें आंतल्या बाजूस जमतें आणि पहाटे अंगावर टपकूं लागतें. मग तंबू गळतो म्हणून दुकानदारास शिव्या बसतात. आंत जाळीदार हलकें कापड, बाहेर निराळें जलरोधक कापड, आणि दोहोंमध्यें वितभर तरी हवा, अशी दुहेरी रचनाच येथें चालते. बाहेरचें कापड जमिनीपर्यंत उतरणारें हवें, व दारापुढें वळचणीसारखें पुढें आलेलें हवें, म्हणजे चिखलाचे जोडे आणि भिजलेल्या पिशव्या बाहेरच राहतात. राहुटीस वळचण नव्हती, तीच तिची पावसाळ्यांतील उणीव.

कापड किती उंचीच्या पाण्याचा दाब सोसतें याचा आंकडा मिलिमीटरांत हल्लीं लिहिलेला असतो. छपरास दोन-तीन हजारांचा आंकडा पुरतो. जमिनीस अधिक हवा, कारण तेथें आपलेंच कोपर आणि गुडघा पाणी वर दाबीत असतो. जमीन कांठांशीं वितभर उंच वळविलेली असावी. शिवणीवर पट्टी चिकटविलेली आहे कीं नाहीं तें आंत शिरून, उजेडाकडे पाहून तपासावें. जुन्या जाड सुती कापडाचे धागे भिजून फुगत आणि छिद्रें आपोआप बुजत, नायलॉनपाशीं तो गुण नाहीं. वजन तीन किलोंच्या आंत असावें, आणि तें दोघांनीं वांटून घ्यावें. एकानें कापड, दुसऱ्यानें काठ्या. दुचाकीवर जाणाऱ्यास किलोभर अधिक चालेल, पण रस्ता संपतो तेथें दुचाकीहि संपते, हें त्यानें विसरूं नये.

'दोघांचा' या शब्दावर तर मुळींच भिस्त ठेवूं नये. कारखानदाराचे दोघे सडपातळ असतात, कूस बदलत नाहींत आणि त्यांच्याजवळ सामान नसतें. रुंदी सव्वाशें सेंटिमीटरांहून कमी असेल तर तो तंबू दोन भावांचा किंवा दोन शत्रूंचा. मित्रांसाठीं एकशें पस्तीस-चाळीस पाहिजेत. दोहों बाजूंस एकेक दार असलें तर रात्रीं उठणाऱ्यास दुसऱ्याच्या अंगावरून जावें लागत नाहीं. मेखांविषयीं दुकानांत कोणी बोलत नाहीं, आणि या मुलुखांत सर्वांत आधीं त्याच दगा देतात. येथें वीतभर मातीखालीं काळा खडक आहे. मेख वांकते, शिरत नाहीं. आपली आपण उभी राहणारी, काठ्यांच्या कमानी परस्परांस छेदणारी बांधणी म्हणूनच बरी. आणि तणावे दगडांस बांधतां येतील असे लांब असावेत. परत आल्यावर तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकला तर दुसऱ्या वर्षीं आंतला लेप चिकट होऊन कापड कापडास धरतें, आणि त्याचा वास सुटतो तो वेगळाच. घरांत चार दिवस दोरीवर वाळत पडलेला तंबू पाहून आई रागावते हें खरें, पण त्यास इलाज नाहीं.

एवढें सर्व पाहून उत्तम तंबू घेतला, तरी तो कोठें उभारावा हा प्रश्न उरतो, आणि येथें थट्टा संपते. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं, याच आंबेगांव तालुक्यांत, माळीण गांवावर डोंगर खचून आला. दीडशेंच्या वर माणसें त्यांत गेलीं. तीं पक्क्या घरांत राहणारीं, त्या डोंगराला पिढ्यान् पिढ्या ओळखणारीं माणसें होतीं. श्रावणांतल्या दोन दिवसांसाठीं आलेल्या पाहुण्यास त्या उताराविषयीं कांहींच ठाऊक नसतें. त्याला दिसते ती हिरवी सपाटी, खालीं धबधबा आणि समोर ढग. पण डोंगराच्या कुशींतील सपाटी पावसाळ्यांत अनेकदां पाण्याच्या वाटेवर असते, आणि ओढ्याकांठची मऊ जागा म्हणजे खवासपूरच. अभयारण्यांत तर वनखात्याच्या परवानगीवांचून मुक्काम करतांच येत नाहीं. तंबूच्या कापडाचा आंकडा तीन हजार असो कीं दहा हजार, वरून येणाऱ्या डोंगराला तो वाचतां येत नाहीं.

तेव्हां विद्यार्थ्यांस आम्ही सांगतों तें असें. आषाढ-श्रावणांत जावयाचें असेल तर अवश्य जा. पण तंबू घरीं ठेवा, गांवांत कोणाच्या ओसरीवर, ज्यांच्या घरीं पाहुण्यांची सोय असते अशांकडे, रीतसर पैसे देऊन उतरा, रात्रीं चुलीपाशीं कपडे वाळवा, आणि कोणत्या ओढ्याला पाणी केव्हां येतें तें घरच्या म्हाताऱ्यांस विचारा. खरेदी दसऱ्याच्या सुमारास करा. तोंपर्यंत वाटा कोरड्या होऊं लागतात, भात पिवळा पडूं लागतो, आणि त्यापुढें फाल्गुनापर्यंत तळेघराच्या माळावर रात्रीं इतकी थंडी पडते कीं दोघांच्या तंबूंत दोघे असल्याचा आनंद वाटतो. कोणत्याहि माळावर मालकास विचारल्याशिवाय मेख ठोकूं नये हें सांगावयास नकोच. हें ऐकून एकानें परवां विचारलें, 'पण सर, मग पावसांत तंबूवर पडणारा तो आवाज?' त्याला आम्ही म्हटलें, तळेघरास कौलावर आणि पत्र्यावरहि पाऊस पडतो, आणि तेथें तो अधिक मोठ्यानें ऐकूं येतो.